बाणांची माळ : क्वांटम चुंबकाच्या शोधाची शंभर वर्षं

लोखंडाचा चुंबक तापवत नेला की ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याचं चुंबकत्व संपतं. लोखंड वितळलेलं नसतं, अणू आपापल्या जागी असतात, तरी टाचणीसुद्धा त्याच्याकडे ओढली जात नाही. पिएर क्युरी यांनी १८९५ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात या बदलाचा कसून अभ्यास केला आणि त्या तापमानाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. मोजमापं झाली, आलेख निघाले. पण कोट्यवधी अणूंची शिस्त नेमक्या एका अंशाला कशी मोडते, याचं पहिलं चोख गणित हाती यायला जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं.

अडचण मुळातच होती. नील्स बोर यांनी १९११ मध्ये आणि हेंड्रिका व्हान लेउवेन यांनी १९१९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिद्ध केलं की जुन्या भौतिकशास्त्राच्या नियमांत चुंबकाला जागाच नाही. त्या नियमांनी सगळी बेरीज केली की चुंबकत्व शून्य येतं. म्हणजे फ्रिजच्या दारावर लावलेला साधा चुंबकही क्वांटम वस्तू आहे. हे कळलं तेव्हा क्वांटम यांत्रिकी अजून पुरती जन्मलीही नव्हती.

अशा काळात, १९२० साली, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म लेन्झ यांनी एक अगदी साधं मॉडेल सुचवलं. प्रत्येक अणू म्हणजे एक बाण. बाणाला दोनच दिशा, वर किंवा खाली. शेजारच्या बाणांना एकाच दिशेला राहणं सोयीचं, कारण त्यात ऊर्जा कमी लागते. उष्णता मात्र त्यांना सतत उलटंपालटं करत राहते. या ओढाताणीतून चुंबक तयार होईल का, हा प्रश्न त्यांनी हॅम्बुर्गमधल्या आपल्या विद्यार्थ्यापुढे ठेवला. त्याचं नाव अर्न्स्ट आयसिंग.

आयसिंगनी एका ओळीत मांडलेल्या बाणांचं गणित पूर्ण सोडवलं. १९२४ साली प्रबंध झाला, पुढच्या वर्षी त्याचा लेख छापून आला आणि निष्कर्ष निराशेचा होता. तापमान शून्याच्या जरा जरी वर असलं, तरी माळ टिकत नाही. मधे कुठेही एक जोड उलटला की त्यापुढचे सगळे बाण फिरतात. त्याला लागणारी ऊर्जा ठरलेली आणि थोडी असते, आणि असा जोड उलटण्याच्या जागा असंख्य असतात. तीन मितींतही असंच होईल, असा अंदाज आयसिंगनी केला. हा अंदाज चुकीचा होता. पण तो तेव्हा पटण्यासारखा वाटला आणि मॉडेल बाजूला पडलं.

आयसिंग स्वतःही संशोधनातून बाहेर पडले. ते शिक्षक झाले. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग पॉट्सडॅमजवळच्या कापुथ या गावी ज्यू मुलांच्या निवासी शाळेत ते शिकवू लागले आणि पुढे तिचे मुख्याध्यापक झाले. आइनस्टाइन यांनी देश सोडल्यावर त्यांचं कापुथमधलं उन्हाळी घर या शाळेच्या वापरात होतं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी जमावानं शाळेची नासधूस केली. आयसिंग कुटुंब लक्झेंबर्गला पोहोचलं, आणि १० मे १९४० रोजी, आयसिंगच्या चाळिसाव्या वाढदिवशी, जर्मन फौजा तिथेही शिरल्या. युद्धाच्या उत्तरार्धात या भौतिकशास्त्रज्ञाला जर्मन सैन्यासाठी रेल्वेचे रूळ उखडण्याच्या कामाला जुंपलं गेलं. १९४७ मध्ये ते अमेरिकेत आले. आपलं नाव भौतिकशास्त्रात ‘आयसिंग मॉडेल’ म्हणून सर्वतोमुखी झालं आहे, हे त्यांना कळलं ते १९४९ च्या सुमारास.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३६ मध्ये दाखवलं की बाण ओळीत न मांडता जाळीत मांडले तर कमी तापमानाला शिस्त टिकते. आणि १९४४ मध्ये येल विद्यापीठातले लार्स ऑनसागर यांनी चौकटीच्या जाळीचं गणित पूर्ण सोडवून टाकलं. शेजारी बाणांमधल्या ओढीच्या एककात २.२६९ या तापमानाला शिस्त मोडते, असं नेमकं उत्तर त्यांनी काढलं. त्या बिंदूजवळ चुंबकत्व कसं उतरतं, त्याची सिद्धता सी. एन. यांग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. बिंदूपासूनच्या अंतराच्या एकअष्टमांश घातानं, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत तग धरून मग एकदम. हा एकअष्टमांश पुढे वारंवार भेटणार होता.

इथपर्यंतचं सगळं उष्णतेच्या जोरावर होणारं अवस्थांतर होतं. उष्णता पूर्ण काढून घेतली तर काय?

निरपेक्ष शून्याला, म्हणजे उणे २७३.१५ अंशांना, उष्णतेची धडपड थांबते. तरीही क्वांटम बाण स्वस्थ बसत नाही. वर किंवा खाली यांतलं एकच निवडण्याचं बंधन त्याच्यावर नसतं. तो दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. त्याला त्या मिश्रणाकडे ढकलायचं असेल तर आडव्या दिशेनं चुंबकीय क्षेत्र लावायचं. क्षेत्र कमी असेल तर शेजाऱ्यांची ओढ जिंकते आणि सगळे बाण वर किंवा सगळे खाली राहतात. क्षेत्र वाढवत नेलं की एका ठरावीक मूल्याला ही शिस्त मोडते, आणि तीही एक अंशही उष्णता न देता. यालाच क्वांटम अवस्थांतर म्हणतात.

गंमत अशी की या आडव्या क्षेत्राचं गणित आधी चुंबकासाठी मांडलं गेलंच नाही. पिएर-जिल द जेन यांनी १९६३ मध्ये ते पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकासाठी वापरलं. त्या स्फटिकात हायड्रोजनच्या प्रोटॉनला बसायला दोन जागा असतात आणि तो एकीतून दुसरीत क्वांटम बोगद्यानं जातो. ‘या जागेत’ म्हणजे वर, ‘त्या जागेत’ म्हणजे खाली, आणि बोगदा म्हणजे आडवं क्षेत्र. १९७० मध्ये फ्रान्सचे पिएर फ्युटी यांनी एका ओळीतल्या बाणांसाठी हे मॉडेल पूर्ण सोडवलं. आडव्या क्षेत्राचा जोर शेजाऱ्यांच्या ओढीइतका झाला की शिस्त संपते, आणि तिथे चुंबकत्व उतरतं तेही एकअष्टमांश घातानंच.

हा योगायोग नव्हता. क्वांटम माळेला काळाची दिशा ही आणखी एक मिती म्हणून जोडली की ती सपाट जाळीतल्या साध्या बाणांसारखी वागते. टोकियोचे मासुओ सुझुकी यांनी १९७६ मध्ये हे नातं सर्वसाधारण रूपात मांडलं. एका मितीतला क्वांटम चुंबक म्हणजे दोन मितींतला साधा चुंबक. दोन मितींतला क्वांटम म्हणजे तीन मितींतला साधा. त्याच वर्षी जॉन हर्ट्झ यांनी धातूंमधल्या अशा अवस्थांतरांचा सिद्धांत मांडला आणि या विषयाला स्वतंत्र ओळख मिळाली.

पण निसर्गातले सगळे चुंबक असे सोडवता येत नाहीत. जे हातानं सुटत नाहीत त्यांचं काय करायचं, यातून सिम्युलेशनचा इतिहास सुरू होतो, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत लिहिलं गेलं आहे.

१९६० च्या दशकातली पद्धत सरळ होती. चार, सहा, आठ बाणांची छोटी माळ घ्यायची, तिच्या सर्व क्वांटम शक्यतांचा तक्ता मांडून तो संगणकानं सोडवायचा, आणि लांब माळ कशी वागेल याचा अदमास घ्यायचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जिल बॉनर आणि मायकेल फिशर यांनी १९६४ मध्ये अशा ११ पर्यंतच्या माळा सोडवल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी वेगळा प्रश्न घेतला. बाणाची ओढ लगतच्या शेजाऱ्याशी तर असतेच. त्याच्या पलीकडच्याशीही असली तर? दोन्ही ओढी उलट्या दिशेला बसवू पाहणाऱ्या असतील, तर एकाला खूश करताना दुसरा नाराज होतो. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या लेखात आठपर्यंतच्या माळा काटेकोरपणे सोडवल्या आहेत. त्या आकड्यांतून एक सुंदर गोष्ट बाहेर आली. पलीकडची ओढ लगतच्या ओढीच्या बरोबर निम्मी असेल, तर माळ दोन-दोनांच्या जोड्यांत फुटते, प्रत्येक जोडी स्वतःपुरती बांधली जाते आणि दुसऱ्या जोडीशी तिचा संबंध उरत नाही. हे उत्तर कितीही लांब माळेला लागू पडतं आणि कागदावर सिद्ध करता येतं. ‘मजुमदार-घोष मॉडेल’ आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ही जोड्यांची अवस्था नेमकी कुठे सुरू होते, ते मात्र १९९२ मध्ये जपानचे ओकामोटो आणि नोमुरा यांनी संगणकावर काढलं. निम्म्याच्या बरंच अलीकडे, ०.२४११ या गुणोत्तराला.

मजुमदारांचे विद्यार्थी बी. श्रीराम शास्त्री यांनी बिल सदरलँड यांच्यासह १९८१ मध्ये याच विचाराचं सपाट जाळीतलं रूप सोडवलं. तेव्हा असा पदार्थ कुणाला माहीत नव्हता. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्ट्रॉन्शियम, तांबं, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका स्फटिकात तांब्याचे अणू जवळपास त्याच जाळीत बसलेले आहेत.

आठ बाणांवर का थांबायचं? कारण शक्यता दुपटीनं वाढतात. ८ बाणांच्या २५६, १० बाणांच्या १,०२४, ३० बाणांच्या १०७ कोटींहून अधिक, ५० बाणांच्या ११ कोटी कोटींच्या वर. ३०० बाणांसाठी येणारी संख्या दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंच्या संख्येपेक्षा मोठी आहे. क्वांटम माळ या सर्व शक्यतांच्या मिश्रणात एकाच वेळी असते, म्हणून तो सगळा तक्ता जवळ ठेवल्याशिवाय तिचं पूर्ण वर्णन होत नाही.

यातून वाट काढायला दोन युक्त्या उपयोगी पडल्या. पहिली लॉस अलामॉसमधली. निकोलस मेट्रोपोलिस, एरियाना व मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा व एडवर्ड टेलर यांनी १९५३ मध्ये मॅनियॅक संगणकावर शक्यतांचे हुशारीनं नमुने घेण्याची ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत वापरली; तिचा प्रोग्राम एरियाना रोझेनब्लुथ यांनी लिहिला होता. ती गणना चुंबकाची नव्हती, पण सुझुकींचं नातं हाती आल्यावर क्वांटम चुंबकालाही साध्या चुंबकाच्या वेषात या पद्धतीत बसवता आलं. दुसरी युक्ती स्टीव्हन व्हाइट यांची, १९९२ ची. माळेचा जो भाग उरलेल्या भागाशी खरोखर गुंतलेला आहे तेवढाच जपायचा, बाकीचा सोडून द्यायचा. माळेसारख्या रचनांना ही पद्धत इतकी लागू पडली की आजही तिला तोड नाही.

पण त्रिकोणात बसवलेले तीन बाण घ्या, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट राहायचं आहे असं समजा. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्यानं कुठे जायचं? अशा कोंडी झालेल्या क्वांटम चुंबकांत मॉन्टे कार्लोच्या नमुन्यांना उणे चिन्हं येतात, मोठ्या संख्या एकमेकींना खातात आणि उत्तर गोंगाटात बुडतं. मथियास ट्रोयर आणि उवे-येन्स व्हीजे यांनी २००५ मध्ये दाखवलं की या चिन्हांच्या अडचणीवर सर्वत्र चालणारा सोपा तोडगा निघण्याची आशा जवळजवळ नाही.

दरम्यान प्रयोगशाळेत उलटा शोध चालू होता. मॉडेलसारखा वागणारा खरा पदार्थ हवा होता. शिकागोत डी. बिट्को, थॉमस रोझेनबाउम आणि गॅब्रिएल एप्ली यांनी लिथियम-होल्मियम फ्लोराइडचा स्फटिक निवडला. त्यात होल्मियमचे बाण स्फटिकाच्या एका अक्षालाच धरून राहतात आणि १.५३ केल्विनखाली, म्हणजे उणे २७१.६ अंशांच्या आसपास, तो चुंबक होतो. त्याहून खाली थंड करत त्यांनी अक्षाला आडवं क्षेत्र वाढवत नेलं. पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे लाखपट, ४.९३ टेस्ला झालं तेव्हा चुंबकाची शिस्त मोडली. १९९६ मध्ये ही मोजमापं प्रसिद्ध झाली आणि कागदावरचं आडवं क्षेत्र एका खऱ्या स्फटिकात दिसलं. मात्र अगदी कमी तापमानाला आकडे सैद्धांतिक रेषेपासून ढळत होते, कारण होल्मियमच्या अणुकेंद्रांचे स्वतःचे छोटे बाण मधे येत होते. निसर्गानं दिलेल्या स्फटिकात नको असलेला घटक काढून टाकता येत नाही.

२०१० मध्ये ऑक्सफर्डचे राडू कोल्डेया आणि बर्लिनचे सहकारी यांनी कोबाल्ट-निओबियम ऑक्साइड घेतलं, ज्यात कोबाल्टच्या बाणांच्या जवळपास सुट्या माळा असतात. ४० मिलिकेल्विन तापमान, ५.५ टेस्लाच्या आसपासचं आडवं क्षेत्र आणि न्यूट्रॉनचा मारा. अवस्थांतराच्या बिंदूजवळ माळेच्या पहिल्या दोन कंपनांचं गुणोत्तर १.६१८ कडे सरकत गेलं. अलेक्झांडर झामोलोदचिकोव यांनी १९८९ मध्ये शुद्ध गणितातून हेच गुणोत्तर वर्तवलं होतं.

स्फटिक शोधण्यापेक्षा घडवावा, हा विचार रिचर्ड फाइनमन यांनी मे १९८१ मध्ये एमआयटीच्या परिषदेत मांडला होता. क्वांटम निसर्गाची नक्कल करायची असेल तर यंत्रही क्वांटमच हवं. शक्यतांचा तक्ता साठवण्याची गरज नाही. यंत्रातले बाण स्वतःच त्या सगळ्या शक्यतांत असतील. हा विचार चुंबकापर्यंत पोहोचायला सत्तावीस वर्षं लागली.

२००८ साली म्युनिकजवळ गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत टोबियास शेट्झ यांच्या गटानं जगातला बहुधा सर्वांत छोटा चुंबक घडवला. त्यात बाण दोनच होते. निर्वात पोकळीत विद्युत क्षेत्रानं अधांतरी धरलेले मॅग्नेशियमचे दोन आयन. आयनाच्या दोन आंतरिक अवस्था म्हणजे वर आणि खाली. लेसरचा झोत आयनाला ढकलतो, पण किती आणि कुठे, हे त्याचा बाण कोणत्या दिशेला आहे त्यावर ठरतं. दोन्ही आयन धनभारित असल्यानं एकाचा धक्का दुसऱ्याला जाणवतो. या धक्क्यातून शेजाऱ्यांची ओढ तयार झाली. सुरुवातीला दोन्ही बाण आडव्या क्षेत्राच्या दिशेला नेले आणि मग ओढ सावकाश वाढवत नेली. शेवटी वाचन अगदी सोपं होतं. लेसर टाकल्यावर एका अवस्थेतला आयन प्रकाश देतो, दुसऱ्या अवस्थेतला काळा राहतो. दोन्ही उजळ किंवा दोन्ही काळे, असं शंभरातून सुमारे ९८ वेळा दिसलं. शिवाय ‘दोन्ही वर’ आणि ‘दोन्ही खाली’ या दोन शक्यता क्वांटम अर्थानं एकत्र गुंतलेल्या होत्या.

दोन बाणांत खरं अवस्थांतर होत नसतं, बदल गुळगुळीत असतो. धार येते ती संख्येनं. मेरीलँड विद्यापीठात क्रिस्टोफर मन्रो यांच्या गटानं इटर्बियमच्या तीन आयनांत २०१० मध्ये त्रिकोणाची कोंडी उभी केली आणि २०११ मध्ये दोनपासून नऊ आयनांपर्यंत जात दाखवलं की प्रत्येक वाढीव आयनाबरोबर बदलाची रेषा अधिक तीव्र होत जाते. बॉनर-फिशर आणि मजुमदार-घोष संगणकावर जे आठ-दहा बाणांनी करत होते, तेच आता खऱ्या आयनांनी होत होतं.

मग संख्या झपाट्यानं वाढली. जुलै २०२१ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. हार्वर्डच्या मिखाईल लुकिन यांच्या गटाचा २५६ रुबिडियम अणूंचा आणि पॅरिसजवळच्या अँतोआन ब्रोवेस यांच्या गटाचा १९६ अणूंचा. इथे प्रत्येक अणू प्रकाशाच्या अतिबारीक चिमट्यात धरलेला असतो आणि जाळीचा आकार हवा तसा बदलता येतो. शेजारचे दोन अणू एकाच वेळी उत्तेजित होऊ शकत नाहीत, म्हणून योग्य क्षेत्रात अणू बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक मांडले जातात. हार्वर्डच्या गटाला पटाखेरीज आणखी मांडण्या सापडल्या. त्यांतल्या काहींची भाकितं सुबीर सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच केली होती. अवस्थांतराजवळचा एक घातांक मोजला तेव्हा तो ०.६२ च्या आसपास आला. तीन मितींतल्या साध्या आयसिंग चुंबकासाठी संगणकानं काढलेला घातांक ०.६३ आहे. सुझुकींनी सांगितलेलं नातं पडताळून निघालं.

सराफ नव्या दागिन्याला कसोटीच्या दगडावर घासतो. शंभर वर्षांपूर्वी निरुपयोगी ठरलेल्या माळेनं या यंत्रांसाठी त्या दगडाचं काम केलं आहे. कॅनडाच्या डी-वेव्ह कंपनीनं २०२२ मध्ये आपल्या यंत्रात २,००० अतिवाहक क्युबिटांची, म्हणजे बाणाचं काम करणाऱ्या मंडलांची, माळ आडव्या क्षेत्रातून जलद नेली, तेव्हा ती क्वांटम वागत आहे हे ठरवण्यासाठी ताडून पाहिलं ते माळेच्या सुटलेल्या गणिताशीच. अशी पडताळणी नसेल तर काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. आयबीएमनं १२७ क्युबिटांवर आयसिंग मॉडेलची गणना करून ती साध्या संगणकांच्या आवाक्यापलीकडची असल्याचं सुचवलं. काही आठवड्यांतच इतर गटांनी नेहमीच्या संगणकांवर तीच उत्तरं अधिक काटेकोरपणे काढून दाखवली. मार्च २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या लेखात डी-वेव्हनं अव्यवस्थित चुंबकांच्या अवस्थांतराची गणना मांडली आणि ती महासंगणकाला जवळजवळ दहा लाख वर्षं पुरेल असा दावा केला. न्यूयॉर्कची फ्लॅटायरन संस्था आणि लोझानचं तंत्रविद्यापीठ इथल्या गटांनी त्यांतले काही भाग साध्या संगणकांवर करून दाखवले. तुम्ही सगळ्या रचना आणि सगळे आकार घेतलेले नाहीत, असं कंपनीचं प्रत्युत्तर आहे.

खरी परीक्षा मात्र यापुढची आहे. हर्बर्टस्मिथाइट नावाचं हिरवं खनिज घ्या. त्यात तांब्याचे बाण त्रिकोणांच्या जाळीत कोंडलेले असतात. २००७ च्या प्रयोगात ५० मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही त्यांनी कोणतीच शिस्त स्वीकारली नाही. त्याची निरपेक्ष शून्यावरची अवस्था नेमकी कोणती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही आणि संगणकाच्या वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळी उत्तरं देतात. इथे ताडून पाहायला आयसिंग, फ्युटी किंवा मजुमदार-घोष यांच्यासारखं सुटलेलं गणित कुणाकडेच नाही. एकाच चुंबकाचा प्रश्न आयनांच्या, प्रकाशाच्या चिमट्यांतल्या अणूंच्या आणि अतिवाहक मंडलांच्या यंत्रांवर स्वतंत्रपणे सोडवायचा आणि तिन्ही उत्तरं जुळतात का ते पाहायचं, हीच पडताळणी तिथे उरते. तीन आयनांच्या प्रयोगापासून शेकडो अणूंच्या प्रयोगांपर्यंतची मजल सुमारे दशकभरात मारली गेली. त्रिकोणांच्या जाळीतली कोंडी उभी करायला लागणारी साधनं आता या तिन्ही प्रकारच्या प्रयोगशाळांत तयार होत आहेत.